मामांचं मनगट आणि गाडीचा सेल्फ

मागच्या जुलैतली गोष्ट. सकाळी साडेसातला गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि इंजिनाऐवजी फक्त एक आवाज आला. टक. पुन्हा फिरवली. पुन्हा टक. डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले, एफएमवरची निवेदिका बडबडतेय, वायपर फिरतोय, पण गाडी ढिम्म.

नेहमीच्या गॅरेजमधला मुलगा आला. त्याने स्कॅनर लावला, त्यावर व्होल्टेज कमी असल्याचे दोन-तीन कोड आले. "मॅडम, बॅटरी गेली." गाडी नऊ वर्षांची, बॅटरी तीन वर्षांची, त्यामुळे मला पटलं. पैसे मोजले, नवी बॅटरी बसवली, गाडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टक.

या वेळी त्याचं म्हणणं पडलं की स्टार्टर बदलावा लागेल, म्हणजे बॅटरीच्या दुप्पट खर्च. मी त्याला थांबायला सांगितलं आणि मामांना फोन लावला.

मामा पंचाहत्तरीचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका सरकारी खात्याची जीप चालवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचं उजवं मनगट वाकडं आहे. गाडीची किल्ली ते कायम डाव्या हाताने फिरवतात, किल्ली उजवीकडे असली तरी हात आडवा नेऊन. लहानपणी मला ती त्यांची लकब वाटायची.

फोनवर त्यांनी गाडी कुठल्या कंपनीची हेसुद्धा विचारलं नाही.

"दिवं लाव."

मी हेडलाइट लावले. समोरच्या भिंतीवर उजेड पडला.

"आता किल्ली फिरव आन् भिंतीकडं बघ. उजेड कमी झाला का?"

"नाही. तसाच आहे."

"मग बॅटरीला कशाला बोल लावतीस?"

त्यानंतर वीस मिनिटांत दोष सापडला. तो कसा, ते शेवटी सांगते. पण ज्या माणसाने आयुष्यात स्कॅनर हातात धरला नाही, त्याने भिंतीवरच्या उजेडावरून निदान कसं केलं, हा प्रश्न मला सोडेना. त्याचं उत्तर शोधताना मी सव्वाशे वर्षं मागे गेले आणि फिरून मामांच्या मनगटापाशी येऊन थांबले.

एक तक्रार की दोन?

"गाडी सुरू होत नाही" हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली म्हणजे इंजिन फिरतच नाही. दुसरी म्हणजे इंजिन खर्र-खर्र फिरतं, पण पेटत नाही. आपले मेकॅनिक पहिलीला "सेल्फ उचलत नाही" म्हणतात आणि दुसरीला "सेल्फ मारतोय, पण गाडी पकडत नाही".

हा फरक पेट्रोल इंजिनाच्या एका विचित्र स्वभावातून येतो. विजेचा पंखा बटण दाबलं की फिरतो. इंजिनाचं तसं नाही. त्याला आधी हवा आणि पेट्रोल आत ओढावं लागतं, ते दाबावं लागतं, मग ठिणगी पडते आणि ताकद मिळते. ओढायला आणि दाबायला मात्र ते आधीच फिरत असावं लागतं. थोडक्यात, चालण्यासाठी ते आधी चालू असायला हवं! म्हणून पहिले काही फेरे त्याला बाहेरून कुणीतरी द्यावे लागतात. ते कुणी द्यायचे, याचाच हा इतिहास आहे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवरा कार्ल याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाली. मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. मोटारीने इतका लांबचा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. मागच्या बाजूचं आडवं, जड चाक हाताने फिरवलं की ती गाडी सुरू व्हायची. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाने हॅटच्या पिनने मोकळी केली. ठिणगीच्या वायरीचं आवरण घासून गेलं, तिथे तिने पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपत आलं, तेव्हा वीसलोख नावाच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचं डाग काढायचं द्रव विकत घेतलं.

आजच्या भाषेत तिने दुसऱ्या तक्रारीचं निदान केलं. एकदा इंधनात, एकदा ठिणगीत. पहिली तक्रार तिच्याकडे असूच शकत नव्हती. कारण इंजिन फिरवणारा सेल्फ म्हणजे माणसांचे हात होते.

हाडात लिहिलेला व्यवसाय

पुढे त्या चाकाच्या जागी गाडीच्या नाकाशी खुपसायचं हँडल आलं. जुन्या मराठी सिनेमात ड्रायव्हर बॉनेटसमोर वाकून जे गरागरा फिरवतो, तेच. दिसायला गमतीशीर, करायला धोक्याचं. ठिणगी ठरल्या वेळेच्या जरा आधी पडली, तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर उलटं येतं. म्हणून जाणकार शिकवायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि हँडल वरून खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं. उलटा फटका आलाच, तर हात सुटून बाजूला झाला पाहिजे.

या फटक्याने मनगटाजवळचं अंगठ्याच्या बाजूचं हाड इतक्यांदा मोडलं, की डॉक्टरांनी त्या अस्थिभंगाला धंद्याचंच नाव दिलं, 'शोफर्स फ्रॅक्चर'. हाडांचे डॉक्टर आजही ते नाव वापरतात, मग हाड स्कूटरवरून पडून मोडलेलं का असेना. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थही ड्रायव्हर नव्हे, तर भट्टी तापवणारा. वाफेच्या यंत्रांच्या काळातला तो शब्द मोटारीला चिकटला आणि मोटारीतून हाडाला.

चार वर्षांपूर्वी मामा अंगणात घसरले. साताऱ्याला एक्स-रे काढला. तरुण डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "आजचं काही नाही, पण हे जुनं शोफर्स फ्रॅक्चर आहे. नीट बसलं नव्हतं." मामा चकित झाले. "मी डायवर हाय हे हाडावर लिव्हलंय व्हय?" आम्ही हसलो. ते कधी मोडलं, असं मी विचारलं. "हँडलानं," एवढंच म्हणाले आणि विषय बदलला.

गोष्ट आणि तारीख

हँडलची सुट्टी कशी झाली, याची एक गोष्ट मोटारींच्या पुस्तकांत हमखास भेटते. १९१० चा हिवाळा. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराजवळच्या बेल आइल बेटावर एका बाईंची कॅडिलॅक बंद पडते. 'कार्टरकार' नावाची मोटार बनवणारा बायरन कार्टर मदतीला थांबतो, हँडल मारतो, हँडल उलटं येऊन त्याच्या जबड्यावर बसतं, आणि पुढे त्यातच तो दगावतो. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड त्याचे मित्र. ते शपथ घेतात की आपली गाडी यापुढे कुणाचा जीव घेणार नाही. ते चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरला बोलावतात आणि सेल्फ-स्टार्टर जन्माला येतो.

गोष्ट छान आहे, पण तारीख जुळत नाही. बायरन कार्टर १९०८ मध्येच वारला होता.

हे कळलं तेव्हा मला माझी बॅटरी आठवली. कोड दिसला, बॅटरी बदलली. अपघात दिसला, शोध लागला. डोळ्यांसमोर जे पहिलं येतं, त्यालाच आपण कारण ठरवतो. विजेने इंजिन फिरवायची कल्पना त्याआधीच लोकांना सुचलेली होती, अमेरिकेत क्लाइड कोलमनला १९०३ मध्ये तसं पेटंटही मिळालं होतं. अडचण आकाराची होती. इंजिन सतत फिरवू शकेल अशी मोटर बसवायची, तर ती आणि तिची बॅटरी वाहून न्यायलाच निम्मी गाडी लागली असती.

केटरिंग आधी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचं मशीन हँडल न फिरवता विजेवर उघडावं, यासाठी त्याने छोटी मोटर बसवली होती. गल्ला दिवसभर फिरवायचा नसतो, एका झटक्यापुरतं जोर लागतं. मोटरवर तेवढ्यापुरता तिच्या कुवतीपलीकडे भार टाकला, तरी ती जळत नाही, कारण जळण्याइतकी तापायच्या आत तिचं काम झालेलं असतं. १९०९ मध्ये तो तिथून बाहेर पडला. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर 'डेल्को' कंपनी काढली. डीड्सच्या घरामागच्या कोठारात काम चालायचं. १९११ च्या फेब्रुवारीत त्यांचा सेल्फ कॅडिलॅकवर चालला आणि १९१२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅक हँडलशिवाय सुरू होऊ लागली.

सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये थोडं थांबा, असं जाणकार सांगतात. त्यामागे केटरिंगची हीच युक्ती आहे. तुमच्या गाडीचा स्टार्टर आजही थोड्या वेळापुरता कुवतीबाहेरचं काम करणारा गडी आहे.

आपल्या बोलण्यातही ते दिवस टिकून आहेत. अमेरिकेत आता 'स्टार्टर' म्हणतात, पण आपण 'सेल्फ' म्हणतो. बाइकलासुद्धा विचारतो, किक आहे की सेल्फ? गाडी "स्वतःहून" सुरू होते, याचं त्या काळातलं नवल आपण शब्दात जपून ठेवलं आणि विसरून गेलो.

हँडल गेलं, विजेची गाडीही गेली

सेल्फमुळे आणखी एक उलथापालथ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शहरांत विजेवरच्या मोटारी बऱ्याच होत्या. हँडल नाही, धूर नाही, गिअर नाही. शहरातल्या स्त्रियांसाठी म्हणून त्यांची जाहिरात व्हायची. पेट्रोलची मॉडेल टी गाडी घराघरांत नेणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची! पेट्रोलच्या गाडीला विजेचा सेल्फ मिळाला आणि विजेच्या गाडीचं मोठं वैशिष्ट्य संपलं. शिवाय मॉडेल टी स्वस्त होत गेली, लांबचे रस्ते झाले, पेट्रोल सहज मिळू लागलं. इथेही कारण एकच नव्हतं.

खुद्द मॉडेल टीला सेल्फ मिळायला मात्र १९१९ उजाडलं. महागड्या कॅडिलॅकच्या मालकाचं मनगट १९१२ मध्ये सुरक्षित झालं, स्वस्त गाडीवाल्याचं सात वर्षांनी.

आणि माणमधल्या रोजंदारीच्या ड्रायव्हरचं?

बहात्तरचा दुष्काळ

एक्स-रेनंतर मी मामांना दोनदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते गाडी दुरुस्त झाल्यानंतरच्या रविवारी.

महिंद्रची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिने अमेरिकन विलीज जीपचे भाग आणून इथे जोडायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रात सरकार गावात येतं म्हणजे जीप येते, असं समीकरण होतं. त्या जीपला सेल्फ होता. पण सोबत हँडलही असायचं, कारण सेल्फ बॅटरीच्या जिवावर चालतो.

१९७२ च्या दुष्काळात मामा बावीस वर्षांचे होते. राज्यभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. मामा इंजिनिअर साहेबांना घेऊन रोज सात-आठ कामांवर जायचे. जीपची बॅटरी मेलेली. नव्या बॅटरीचा कागद कुठेतरी टेबलावर. तोवर रोज पहाटे हँडल. पॉइंटचं टायमिंग थोडं पुढे सरकलंय, हे मामांच्या कानाला कळत होतं, पण ते लावायला दिवसभर जीप उभी करावी लागली असती.

डिसेंबरातल्या एका पहाटे हँडल उलटं आलं.

"सायबास्नी सांगितलं, इंचू चावला," मामा म्हणाले. सुजलेला हात त्यात खपून गेला. ते रोजंदारीवर होते. हात मोडलेला ड्रायव्हर म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर, आणि त्या वर्षी घरात पैसे आणणारे ते एकटेच. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती. गावातल्या हाडवैद्याने रात्री कामट्या बांधल्या. त्या सकाळी सोडायच्या, रात्री पुन्हा बांधायच्या. स्टेअरिंग कोपराने आणि डाव्या हाताने. हँडल मारायला कामावरचा एखादा गडी बोलवायचा आणि त्याला बजावायचं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेव. बॅटरी दीड महिन्याने आली. हाड तोवर वाकडं जुळलं होतं.

मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून किल्ली डाव्या हाताने. ती लकब नव्हती.

मी केटरिंगबद्दल वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या साली म्हणालीस?"

"एकोणीसशे बारा."

"साठ वरसं," मामा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

उजेड का कमी झाला नाही?

आता माझ्या गाडीकडे येऊ.

हेडलाइटच्या दोन दिव्यांना मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह लागतो. सेल्फला १५० किंवा त्याहून जास्त. दिवे लागतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजण्यात फसगत होते ती इथे. समजा वाटेत कुठे गंज धरलाय आणि त्यामुळे फक्त ०.०२ ओहम अडथळा आलाय. दिव्यांच्या १० अँपिअरला त्यातून जाताना ०.२ व्होल्टचा फटका बसेल, कुणाला कळणारही नाही. सेल्फच्या १५० अँपिअरला मात्र ३ व्होल्ट गमवावे लागतील. १२ व्होल्टच्या गाडीत ३ व्होल्ट गेले, की सेल्फ टक करून गप्प बसतो.

म्हणून मामांची परीक्षा. गिअर काढा, हँडब्रेक ओढा, दिवे लावा, किल्ली फिरवा.

दिवे एकदम विझू-विझू झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे. मल्टिमीटर असेल तर पाहा. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली घसरत असेल, तर ती थकली आहे किंवा नीट चार्ज झालेली नाही.

दिवे जसेच्या तसे राहिले आणि इंजिन हललं नाही, तर बॅटरीत ताकद आहे, पण ती सेल्फपर्यंत पोचत तरी नाही किंवा परत तरी येत नाही. रिले, सोलेनॉइड, घासलेले कार्बन, अर्थची केबल पाहा. काही गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तेही आठवा.

इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष. तिथून पुढे बर्था बेन्झच्या वाटेने जायचं, इंधन आणि ठिणगी. तिच्याकडे नसलेली एक गोष्ट आता त्यात आहे, इमोबिलायझर. किल्लीतली चिप ओळखली गेली नाही, तर काही गाड्या फिरतात पण पेटत नाहीत. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहतं.

आणि विजेची गाडी असली, तरी सुटका नाही. तिच्यात फिरवायला इंजिन नसतं, पण बहुतेक विजेच्या गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली, तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

माझ्या गाडीच्या वेळी मामांनी पुढचं विचारलं, "अर्थ कुठं बांधलाय?" मला माहीत नव्हतं. गॅरेजचा तो मुलगा शेजारीच उभा होता, मी फोन स्पीकरवर टाकला. मामांनी त्याला जंप केबल घ्यायला सांगितली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. मी किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली.

बॅटरीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या केबलचं टोक बोल्टखाली गंजलं होतं. दिव्यांची वाट बॉडीतून परत येत होती, म्हणून उजेड शाबूत. सेल्फची वाट इंजिनातून परत यायची, ती तुटल्यात जमा. नवी बॅटरी बसवताना केबल हलली असणार, म्हणून दोन दिवस भागलं. मुलाने बोल्ट काढला, टोक पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा आवळलं. स्टार्टर बदलावा लागला नाही.

त्या मुलाला मी दोष देत नाही. व्होल्टेज कमी पडलं, हे स्कॅनरने खरंच सांगितलं होतं. ते कुठे कमी पडलं, हे त्याला कळत नव्हतं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला असा कोड सांगणारा सॉकेट सक्तीचा झाला आणि नंतर आपल्याकडेही तो आला. त्यामुळे कित्येक दोष मिनिटात सापडतात. पण गंजलेल्या बोल्टला कोड नसतो. मुलाने मामांचा नंबर मागून घेतला. आता दर दोन-चार दिवसांनी त्याचा फोन येतो, असं मामी सांगतात. मामा जेवण सोडून उठतात.

त्या रविवारी निघताना मामा माझ्या गाडीत बसले. "बघू," म्हणाले. डावा हात स्टेअरिंगच्या पलीकडे आडवा नेला आणि किल्ली फिरवली. इंजिन लागलं. त्यांनी ते थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, मान जराशी तिरकी करून ऐकलं, मग बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.